पाटा, फुगा आणि केळीचा घड

रात्री नऊनंतर पारोळ्याहून एरंडोलकडे निघाले की समोरून येणाऱ्या कितीतरी पिकअपचे दिवे रस्त्यावर पडत नाहीत, कडुनिंबाच्या शेंड्यावर पडतात. आपण डिपर मारतो, मनातल्या मनात चिडतो. पण त्या चालकाने दिवे वर केलेले नसतात. त्याच्या हौद्यात केळी, कांदा किंवा सिमेंटच्या गोण्या असतात, मागचा भाग खाली बसलेला असतो आणि नाक वर आलेले असते. आमच्याकडे अहिराणीत त्याला एवढेच म्हणतात, ‘गाडी बठी गयी भो.’

बसलेली गाडी उचलायची कशी, हा खान्देशातल्या प्रत्येक पिकअपवाल्याला कधी ना कधी पडलेला प्रश्न आहे. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर किंवा धुळ्याच्या चाळीसगाव चौफुलीवर तो कुठल्याही मिस्त्रीला विचारा, वर्षानुवर्षे उत्तर एकच आले आहे: पाटा वाढवा. आता त्याच्या जोडीला दुसरे उत्तर ऐकू येते. मागच्या आक्सलवर हवेचे रबरी फुगे बसवा, म्हणजे गाडी उचललेली राहील आणि रिकामी असताना उडणारही नाही. विशेषतः जुनी टाटा २०७, जुनी जीप-पिकअप अशा गाड्या जिव्हाळ्याने सांभाळणाऱ्यांना ही कल्पना फार भुरळ घालते. तिचा सगळ्या बाजूंनी विचार करावा असे मला वाटले, कारण यात पैशांइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

आपल्याकडे जुनी पिकअप म्हणजे कोणती, हे आधी ठरवले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत महिंद्राने मुंबईच्या माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे त्याच सांगाड्यावर लांब हौद्याच्या गाड्या आल्या. पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मेटॅडोरने तर असे घर केले की आजही खेड्यात कुठल्याही छोट्या मालगाडीला ‘मेटॅडोर’ म्हणणारी माणसे भेटतात. १९८६ साली टाटा ४०७ आली, १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६, आणि त्याच घराण्यातली २०७ तर बाजार समितीच्या आवारात कायमचीच दिसू लागली. २००० साली बोलेरो आली. तिची पिकअप ही आज खान्देशच्या शेतमालाची मुख्य गाडी आहे.  यांतल्या बहुतेक गाड्या एकमेकींपासून कितीही वेगळ्या असल्या तरी मागच्या बाजूला एका गोष्टीत सारख्या आहेत: लोखंडी पाट्यांचा जुडगा, वर यू-बोल्ट, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला हलणारा शॅकल. जीपला हे होते, आजच्या बोलेरो पिकअपला आणि टाटा योद्धालाही हेच आहे.

ही कमान इतकी वर्षे का टिकली, हे नीट समजल्याशिवाय ती काढायचा विचारही करू नये. पाटा एकाच वेळी तीन कामे करतो. भार झेलतो, हे पहिले. दुसरे, आक्सलला त्याच्या जागी धरून ठेवतो. गाडी सुटताना, ब्रेक दाबताना, वळणावर बाजूला ओढ बसताना आक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये, याची सगळी जबाबदारी पाट्यावरच असते. तिसरे काम कमी लोकांना ठाऊक असते: एकावर एक घासणाऱ्या पाट्यांमुळे धक्का थोडासा तिथेच जिरतो. म्हणूनच शॉकअप गळून गेलेली जुनी जीपही कशीबशी चालते. शिवाय पाटा तुटला तर शिरपूरला काय, चोपड्याला काय, कुठेही मिळतो, आणि निकामी झालेला पाटा गावच्या लोहाराकडे जाऊन कोयता किंवा कुऱ्हाड होतो.

पाट्याची खोड एकच आहे. त्याचा ताठपणा ठरलेला असतो. तो भरलेल्या गाडीसाठी बनवलेला असतो आणि गाडी निम्मा वेळ रिकामी धावते. हे आकड्यात सांगता येते. गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग जेवढी दबते, त्यावरून ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल हे निघते. रिकाम्या पिकअपचा मागचा पाटा समजा ३ सेंटिमीटर दबला, तर मागचा भाग सेकंदाला सुमारे २.९ वेळा उसळतो. माल भरून तोच पाटा १० सेंटिमीटर दबला, तर सुमारे १.६ वेळा. सेकंदाला एक ते दीड हेलकावा माणसाला सुखाचा वाटतो. तीनच्या पुढे गेले की त्रास वाटू लागतो, आणि चार ते आठच्या टप्प्यात तर कंबर-मणक्याचे हाल होतात. मंडईत माल टाकून रिकाम्या गाडीने परतणारा चालक जास्त दमलेला का असतो, त्याचे एक कारण हे आहे.

आता पाटा वाढवला की काय होते? सहाच्या जागी तशाच जाडीचे सात पाटे केले, तर ताठपणा साधारण एक-षष्ठांशाने वाढतो. भरलेली गाडी कमी बसते, दिवे जरा खाली येतात, मालक खूश होतो. पण रिकामी गाडी आणखी टणक होते. खड्ड्यात मागचे चाक जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक काय कामाचा? शेतरस्त्यावर तर धक्का पाट्यात न जिरता थेट चासीत जातो आणि काही महिन्यांत हौद्याचे जोड, फाळक्याच्या बिजागऱ्या, केबिनच्या मागची काच हे सगळे बोलू लागते. दुसरा जुना उपाय म्हणजे बसलेले पाटे भट्टीत तापवून त्यांना पुन्हा कमान देणे. तो मला सर्वांत वाईट वाटतो. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात जे पाणी दिलेले असते ते उघड्या भट्टीत उतरते, आणि नीट परत चढवले नाही तर पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो किंवा मधल्या बोल्टपाशी तुटतो. पॅराबोलिक पाटे, म्हणजे मधे जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेले मोजकेच पाटे, हा खरा सुधारलेला प्रकार. त्यात घर्षण कमी, वजन कमी, चाल मऊ. पण आपल्या गाडीच्या मापाचा संच मिळाला तरच.

हवेची गोष्ट इथून सुरू होते. हवा दाबली की ती ताठ होते, आणि जितकी जास्त दाबाल तितकी जास्त ताठ. म्हणजे भार वाढला, त्या हिशेबाने फुग्यात हवा भरली, की स्प्रिंगचा ताठपणाही भाराच्या मागोमाग वाढतो. भार उतरला, हवा सोडली, की तो कमी होतो. त्यामुळे रिकामी असो की भरलेली, गाडीचा हेलकावा जवळजवळ सारखाच राहतो आणि उंचीही तीच राहते. पाट्याला हे कधीच जमणार नाही.

ताकदीबद्दल शंका असेल तर हिशेब सोपा आहे. टायरवाल्याच्या भाषेत ७० पौंड हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ५ किलो. १५ सेंटिमीटर व्यासाचा फुगा धरला तर त्याचे क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. एका फुग्यावर पावणेनऊशे किलो, दोन्हींवर मिळून पावणेदोन टन. सायकलच्या ट्यूबसारखी दिसणारी वस्तू एवढे उचलते हे पाहून माणूस चकित होतो, आणि मोहाची सुरुवातही तिथूनच होते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने १९३०च्या दशकातच हवेच्या स्प्रिंगवर काम केले होते. १९५०च्या दशकात तिथल्या लांब पल्ल्याच्या ग्रेहाउंड बस हवेवर धावू लागल्या. मोटारगाडीत मात्र ती फसली. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉममध्ये हवेचे सस्पेन्शन दिले गेले, पण ते इतके गळके निघाले की अनेक मालकांनी काढून साध्या स्प्रिंग बसवून घेतल्या. बसमध्ये ते टिकले, कारण बसला इंजिनावरचा कॉम्प्रेसर असतो, हवेचे ब्रेक असतात, टाकी असते आणि आगारात रोज पाहणारा माणूस असतो. आपल्याकडे २००१ मध्ये व्होल्वोची बी७आर बस आली आणि शिवनेरीतून पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांना ही मऊ चाल समजली. जळगावहून पुण्याला किंवा सुरतेला जाणाऱ्या खाजगी स्लीपर गाड्यांचे मिस्त्री आज ‘बेलो’ हा शब्द रोज वापरतात. म्हणजे हवेच्या स्प्रिंगची विद्या खान्देशात आहेच. ती बसच्या गॅरेजात आहे, पिकअपच्या नाही.

अमेरिकेतल्या जुन्या पिकअपची चित्रे पाहून आपल्याकडे जो गैरसमज होतो, तो इथे दूर केला पाहिजे. तिथे शेव्हर्ले सी-१० या जुन्या पिकअपला मागे हवेचे फुगे बसवण्याची मोठी हौस आहे. पण १९६० ते १९७२ या काळातल्या बहुतेक सी-१० गाड्यांना मागे पाटे नव्हतेच. त्यांचा आक्सल दोन लांब दांड्यांनी धरलेला होता आणि भार कॉइल स्प्रिंगवर होता. कॉइल काढून तिच्या जागी फुगा ठेवला की काम झाले, आक्सल पूर्वीसारखाच जागेवर राहिला. आपल्या २०७ किंवा जीपचा पाटा काढला तर आक्सलला धरणारे काहीच उरत नाही. तिथे नव्या दांड्या, त्यांचे बुश, आडवा सरकू न देणारा बंध, सगळे नव्याने रचावे लागते, आणि ते चासीला जोडावे लागते. दोन्ही कामांना नाव एकच असले तरी ती वेगळी कामे आहेत.

म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. खान्देशात ओझे वाहणाऱ्या पिकअपचे पाटे पूर्ण काढून हवेवर आणणे, हे कुठल्याही गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात करायचे काम नाही. कन्नडच्या घाटात, कोंडाईबारीत किंवा पळासनेरच्या पुढे बिजासणीच्या उतारावर, भरल्या गाडीची एक दांडी जोडातून सुटली तर आक्सल वाकडा होतो आणि गाडी हातात राहत नाही. तिथे दुरुस्तीला वाव नसतो.

दुसरा मार्ग आहे मदतनीस फुग्यांचा, आणि विचार करायचा तो याच मार्गाचा. पाटे आहेत तसेच राहतात. आक्सल आणि चासी यांच्या मधल्या जागेत, बहुधा धक्क्याच्या रबरी ठोकळ्याच्या जागी, दोन बाजूंना दोन फुगे बसतात. प्रत्येकापासून एक बारीक नळी फाळक्याजवळ येते आणि तिच्या टोकाला टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो. पंक्चरच्या दुकानात चाकांत हवा भरताना तिथेही भरायची. कॉम्प्रेसर नको, टाकी नको, केबिनमध्ये बटणे नकोत. अमेरिकेत मिशिगनमधली एअर लिफ्ट कंपनी १९४९ पासून याच प्रकारच्या वस्तू बनवत आली आहे, आणि तिथले लोक त्या मुख्यतः मागे ट्रेलर जोडला की गाडी बसू नये म्हणून वापरतात. फुगा फुटलाच, तर गाडी पाट्यावर येऊन टेकते आणि हळूहळू का होईना घरी पोचते. माझ्या दृष्टीने याच्याइतका मोठा गुण दुसरा नाही.

बसवताना मात्र काही गोष्टींत तडजोड चालत नाही. डाव्या आणि उजव्या फुग्याच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात. खर्च वाचवायला मधे टी टाकून एकच व्हॉल्व्ह केला, तर वळणावर बाहेरच्या बाजूचा दाबला गेलेला फुगा आपली हवा आतल्या बाजूच्या फुग्यात ढकलतो, आणि गाडी नेमकी जिकडे कलत असते तिकडेच आणखी कलते. चासीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये, कारण वाकण्याचा सगळा ताण त्याच पट्ट्यांवर असतो. भोक पाडायचेच तर कंपनीने सांगितलेल्या जागी, उभ्या बाजूत. सायलेन्सरची नळी फुग्यापासून दूर हवी किंवा मधे पत्र्याचा आडोसा हवा. गाडी रिकामी असतानाही फुग्यात ५ ते १० पौंड हवा राहिलीच पाहिजे, नाहीतर त्याची घडी चिमटते आणि तिथेच तो फाटतो. चाक बदलायला जॅक चासीला लावला की आक्सल खाली लोंबतो आणि फुगा ताणला जातो. तेव्हा जॅक आक्सललाच लावावा. बसवल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, रात्रभर गाडी उभी ठेवावी आणि सकाळी दाब पुन्हा मोजावा.

आणि शॉकअप. पाट्यांच्या घासण्याने धक्का जिरतो, हवेला असे घर्षण नसते. ती घेतलेला धक्का जवळजवळ तसाच परत देते. मेलेल्या शॉकअपवर फुगे बसवले तर गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहते. फुग्यांच्या किमतीत नवे शॉकअप धरूनच हिशेब करावा.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो, कारण त्याबद्दल गॅरेजात फारसे बोलणे होत नाही. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. चासीला बसवलेला असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग आक्सलला जोडलेली असते. गाडी बसली म्हणजे माल भरला आहे, असे तो समजतो आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब सोडतो. गाडी उचललेली असली म्हणजे ती रिकामी आहे, असे समजून दाब कमी करतो, म्हणजे हलकी मागची चाके जाम होऊन घसरू नयेत. फार साधी आणि शहाणी रचना आहे. पण तिला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. फुगे बसवून भरलेली गाडी उचलली की हा व्हॉल्व्ह फसतो. हौद्यात दीड टन केळी, आणि व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी! मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि थांबायला लागणारे अंतर वाढते. लळिंगच्या घाटात उतरताना हे कळले तर उशीर झालेला असतो. पाटे वाढवले तरीही हेच होते, थोड्या प्रमाणात. म्हणून फुगे बसवले त्याच दिवशी या व्हॉल्व्हची दांडी गाडीच्या कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि भरलेली गाडी पूर्ण उचलून सपाट करायचा हट्ट सोडावा लागतो. गाडी थोडी बसलेलीच बरी. जुन्या २०७ला किंवा जीपला असा व्हॉल्व्ह आहे की नाही, हे गाडीखाली आडवे होऊन पाहावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

एवढा त्रास घेऊन मिळते काय? जळगाव जिल्ह्यापुरते उत्तर केळीत आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा तापीकाठचा पट्टा. इथल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घड साधारण वीस-पंचवीस किलोचा. बागेतून तो खांद्यावरून बांधापर्यंत येतो, बांधावरून पिकअपमध्ये किंवा ट्रॅक्टरमध्ये, आणि तिथून मोठ्या ट्रकपाशी, पॅकहाऊसमध्ये किंवा सावदा-रावेरच्या मालधक्क्यावर, जिथून दिल्लीच्या आदर्शनगरला गाड्या जातात. दिल्लीपर्यंतच्या प्रवासाची चर्चा खूप होते. बागेपासून डांबरापर्यंतच्या दोन-चार किलोमीटरची होत नाही, आणि सर्वांत जास्त हादरे तिथेच बसतात. काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. हिरव्या केळीवर घासल्याची खूण त्या दिवशी जेमतेम दिसते. पिकल्यावर तीच काळी पडते. भाव तोडला जातो तो दूरच्या बाजारात, आणि कारण राहिलेले असते आपल्या शिवारात.

मालवाहू गाड्यांच्या हादऱ्यांची जी मोजमापे झाली आहेत, त्यांत पाट्याच्या गाड्यांचा मुख्य हादरा सेकंदाला तीन-चारच्या आसपास येतो आणि हवेच्या गाड्यांचा एक-दोनच्या आसपास, तोही सौम्य. हौद्यातल्या सगळ्यात वरच्या थराला सर्वांत जास्त हादरे बसतात, हेही दिसून आले आहे. मदतनीस फुग्यांनी एवढा फरक पडणार नाही, कारण पाटे अजून तिथेच आहेत. त्यांचा फायदा मिळवायचा तर फुगे बसवताना आधी वाढवलेले जादा पाटे काढून टाकले पाहिजेत. जादा पाटेही ठेवायचे आणि फुगेही फुगवायचे, असे केले तर केळीला आणखी ताठ गाडी मिळते. मला तर वाटते, नुसता जादा पाटा काढला, चाकांत प्रमाणात हवा ठेवली आणि घडांमध्ये वाळलेल्या पानांचा थर नीट घातला, तरी बराच माल वाचेल. फुगे त्यानंतर.

केळीपेक्षाही जिथे मला फुग्यांची जागा खरी वाटते, ते म्हणजे जनावरांची ने-आण. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेला देशभरातून घोडे येतात, आणि त्यांतले अनेक पिकअपमधून. उभे राहून प्रवास करणारे जनावर प्रत्येक धक्क्याला पाय रोवते आणि उतरेपर्यंत थकून जाते. एक-दोन घोड्यांचे वजन पिकअपच्या मानाने थोडे, म्हणजे पाटा जवळजवळ रिकाम्यासारखाच टणक. इथे भार कमी आणि मऊपणाची गरज जास्त. पाटे हलके करून त्यांना फुग्यांची जोड दिली तर नेमके हेच साधते. दुधाच्या कॅन, काचसामान, मंडपवाल्यांचे ध्वनिक्षेपक यांनाही हेच लागू आहे. उलट कपाशीला याची काहीच गरज नाही. ती हौद्याच्या बाहेर फुगून येते पण वजनाला हलकी, आणि हादऱ्याने तिचे काही बिघडत नाही.

उन्हाचा प्रश्न लोक आधी विचारतात. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, मग फुगा फुटणार नाही का? हवेच्या बाजूने पाहिले तर भीती फार नाही. पहाटे भरलेली ७० पौंड हवा दुपारी २० अंशांनी तापली, तर दाब ७५-७६ पौंडांपर्यंत जाईल किंवा फुगा थोडा फुलून गाडी किंचित उचलेल. चांगला फुगा त्याहून बराच जास्त दाब सोसण्यासाठी बनवलेला असतो. खरा शत्रू रबराचे वय आहे. ऊन, सायलेन्सरची धग आणि डिझेल-ऑइलचे शिंतोडे यांनी रबराला केसासारख्या चिरा पडतात. आणि माती. पावसाळ्यात फुग्याच्या घडीत चिखल बसतो, वाळतो, आणि मग प्रत्येक हेलकाव्याला काचकागदासारखा घासतो. शेतातून आलेल्या गाडीचे फुगे पाण्याने धुतले पाहिजेत. हे रोजचे काम कोण करणार, याचे उत्तर मालकाने खरेदीच्या आधी स्वतःला द्यावे.

कायद्याकडे येऊ. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले: नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला, बाहेरचे सुटे भाग बसवणेही त्यात आले, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणून फुगे विकत घेण्याआधी एमएच-१८ची गाडी असो की एमएच-१९ची, परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर गाडीखाली न कळवलेला बदल सापडला, तर भरपाईचा दावा तिथेच अडकू शकतो.

हौसेने जुनी गाडी सांभाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जुलै २०२१च्या नियमांनी, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी वापराच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. आजोबांच्या जीपची चासी कापून हवेच्या दांड्या जोडल्या, तर ही वाट कायमची बंद होईल. अशा गाडीला मी फुगे सुचवणारच नाही. तिचे पाटे सोडवावेत, गंज घासावा, पाट्यांच्या मधे ग्रीस भरावे, झिजलेले बुश आणि शॅकलच्या पिना बदलाव्यात, कुणीतरी कधीकाळी वाढवलेला पाटा काढावा. जुन्या गाडीचा बराचसा टणकपणा गंजलेल्या पाट्यांमुळे असतो, कारण ते एकमेकांवर सरकतच नाहीत. एवढ्या कामानंतर ती अशी चालते की फुग्यांची आठवण होत नाही.

राहिली क्षमतेची गोष्ट. फुगे बसवले म्हणजे दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरता येतात, हा समज फार पसरला आहे आणि तो धोकादायक आहे. गाडी उचललेली दिसते, म्हणून ओझे कमी होत नाही. आक्सलची नळी, चाकाचे बेअरिंग, टायर, ब्रेकचा ड्रम, क्लचप्लेट यांच्यापर्यंत ते वजन तसेच पोचते. उलट गाडी बसणे ही चालकाला मिळणारी एक सूचना असते, आणि फुगे ती पुसून टाकतात. जादा वजनाला कायद्याने २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत. रस्त्याचे गणित तर त्याहून कठोर. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर गाड्या फिरवून चाचण्या झाल्या. त्यातून असे निघाले की आक्सलवरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. आपणच भरलेल्या जादा मालाने आपलाच शेतरस्ता उखडतो, आणि त्या खड्ड्यात आपलाच पाटा तुटतो.

युरोपात मात्र हवेच्या सस्पेन्शनला कायद्याने मान दिला आहे. मोठ्या ट्रकच्या काही आक्सलांना जास्त भार नेण्याची मुभा आहे, पण सस्पेन्शन हवेचे किंवा त्याच्या तोडीचे असेल तरच. तोडीचे म्हणजे काय, तर हेलकावा सेकंदाला दोनपेक्षा जास्त नको आणि धक्का जिरवण्याची ताकद ठरलेल्या मापाची हवी, हे आकड्यात लिहिलेले आहे. मऊ सस्पेन्शन रस्त्यालाही जपते, हे त्यांनी मान्य केले. ती सवलत कारखान्यात रचलेल्या, तपासलेल्या गाड्यांना आहे, हे लक्षात ठेवावे. आपल्या पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांनी केळी, दूध, जनावरे यांच्यासाठी मागे हवेची जोड दिलेली गाडी कारखान्यातूनच, ब्रेकचा व्हॉल्व्ह जुळवून आणि मान्यता घेऊन द्यावी, अशी मागणी खान्देशच्या शेतकऱ्यांनी करायला हवी. एवढ्या पिकअप घेणारा हा भाग आहे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

तोवर ज्याला आपल्या गाडीचा निर्णय घ्यायचा आहे, त्याने पाच मिनिटांचे एक काम करावे. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने उंची मोजावी, दोन्ही बाजूंना. मग नेहमीचा माल भरून, काट्यावर वजन करून, पुन्हा मोजावी. वजन नोंदणीपुस्तकातल्या मर्यादेत असूनही गाडी कंपनीने दिलेल्या मापाच्या खाली जात असेल, तर पाटे थकले आहेत. नवा संच टाकावा. एकच बाजू खाली असेल, तर त्या बाजूचा पाटा तुटलेला आहे का, मधला बोल्ट कापला गेला आहे का, ते पाहावे. वजनच मर्यादेच्या वर असेल, तर माल कमी करावा. या तिन्हींत काही निघाले नाही, माल नाजूक आहे, एका फेरीला गाडी भरलेली आणि दुसऱ्या फेरीला रिकामी असते, आणि कागदपत्रांची परवानगी हातात आहे, तेव्हा फुगे घ्यावेत. घेतल्यावर हवा माल भरून झाल्यावर, उंची पाहत पाहत भरावी, गाडी पहिल्या मोजणीपेक्षा दोन बोटे खालीच ठेवावी, आणि माल उतरला की रिकाम्या फेरीसाठी हवा दहा पौंडांवर आणावी. मग त्याच रात्री कुणाला तरी पन्नास पावले पुढे उभे करून दिवे कुठे पडतात ते पाहून घ्यावे.